ट्रक थांबतो तिथून पुढं

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो असा : पूर आला, भूकंप झाला, दरड कोसळली, तर आपल्यासारख्या साध्या माणसांनी काय करायचं? विषय देणाऱ्या मित्रानं वर हेही बजावलं, की जरा व्यवहाराचं बोल, नुसतं पेटवू नकोस. बरं, व्यवहाराचंच बोलतो. पण व्यवहार म्हटला की जातीचं बोलावंच लागतं. कारण ताडपत्री कुणाच्या डोक्यावर आधी पडते आणि कुणाच्या डोक्यावर पडतच नाही, हा या देशात व्यवहाराचाच प्रश्न आहे.

आपत्ती आली की दुसऱ्या दिवशी पेपरात एक वाक्य हमखास येतं : निसर्गाला जात नसते. कबूल. नदीला जात नसेल. पण नदीकाठाला आहे. गावाची उंच, कोरडी जागा कुणाची आणि ओढ्याच्या वळणावरची, पाणी शिरणारी जागा कुणाची, हे गाव वसलं तेव्हाच ठरलंय. शहरातही तेच. नाल्याची कड, डोंगराचा उतार, रेल्वेची भिंत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई सगळीच बुडाली, पण साकीनाक्याला दरड आली ती उताराखालच्या झोपड्यांवर आली. तिथं हौसेनं कुणी राहायला गेलं नव्हतं.

१९३४ च्या जानेवारीत बिहारात भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी तेव्हाच जाहीर हरकत घेतली. माझीही हरकत आहे. पापाची शिक्षा म्हणायची तर त्या भूकंपात अस्पृश्यांची घरं का पडली? त्यांनी काय पाप केलं होतं? पाप-पुण्याची भाषा आपल्याला नको. आपण हिशेबाची भाषा बोलू. कोण मेलं, कुणाचं घर पडलं, कुणाला किती मिळालं आणि कुणाचं नाव यादीत आलंच नाही.

किल्लारीचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. मारलं कुणी? जमिनीनं हादरा दिला. जीव घेतला तो जाडजूड दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या माळवदानं. मातीत बसवलेले दगड आणि डोक्यावर मातीचं ओझं. जो गवताच्या नाही तर पत्र्याच्या छपराखाली झोपला होता त्याच्या अंगावर पडायला तेवढं वजनच नव्हतं. गरिबीनं एकदा, फक्त एकदाच, गरिबाला वाचवलं.

पुढं काय झालं बघा. ५२ गावं नव्यानं दुसऱ्या जागी वसवायची ठरली. कोरा कागद होता. सगळ्यांना सारखं घर देता आलं असतं. दिलं कसं? जमिनीच्या मापानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. भूकंपानं गाव सपाट केलं आणि पुनर्वसनानं त्याची उतरंड पुन्हा जशीच्या तशी रचली. ज्याच्या बापाकडे जमीन नव्हती त्याचं छप्परही लहान. याला मी दुसरा भूकंप म्हणतो. पहिला काही सेकंदांत आटोपला. दुसरा पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

हे महाराष्ट्रातच असं समजू नका. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तामिळनाडूत सगळ्यात जास्त मार नागपट्टिनम जिल्ह्याला. एका जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. प्रेतं उचलायला कोण? इतर नगरपालिकांतून सफाई कामगार आणले, आणि ते कुठल्या जातीचे होते हे मी सांगायला नको. कुजलेली प्रेतं त्यांनी उचलली. आणि त्याच किनाऱ्यावर दलितांना काही छावण्यांतून हाकललं, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही. मच्छीमारांची होडी गेली, ती यादीत आली. ती यायलाच पाहिजे होती, आपलं भांडण मच्छीमारांशी नाही. पण खारं पाणी शेतात शिरलं आणि शेतमजुराचा रोज बुडाला, तो कुणाच्या यादीत? २००१ च्या २६ जानेवारीला कच्छचा भूकंप झाला. तिथल्या मदतवाटपातही जात कशी फिरली याचे अहवाल निघाले. अहवाल निघतात. कपाटात जातात.

म्हणून मी म्हणतो, साध्या माणसानं मदत करायची म्हणजे ट्रक भरून पाठवायचा, एवढ्यावर थांबायचं नाही. ट्रक भरणारे पुष्कळ असतात. ट्रक जिथं थांबतो तिथून पुढं चालत जाणारा कुणी नसतो. ते काम आपलं.

आणि ते नवीन नाही. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं धनकवडीला अनाथ, उपाशी पोरांसाठी बालाश्रम चालवला. सावित्रीबाई तेव्हा जुन्नरकडे ओतूरला होत्या आणि तिथून जोतीरावांना दुष्काळाची हकीकत लिहून कळवत होत्या. १८९७ ला पुण्यात प्लेग आला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर त्या माउलीनं पाठीवर घेतलं आणि मुलाच्या, डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात नेलं. त्यातच तिला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला ती गेली. आपण तिचे फोटो लावतो, हार घालतो. पण ती त्या वाड्यात चालत गेली होती आणि पोर तिनं पाठीवर घेतलं होतं, एवढं ध्यानात ठेवा. बाकी मी सांगतो ते सगळं त्याच्याच पोटात आहे.

आता कामाचं.

पहिली गोष्ट, पहिल्या काही तासांची. दरडीतून, ढिगाऱ्यातून, पाण्यातून माणसं बाहेर काढतात ती बहुतेक वेळा शेजारची माणसं. सरकारी पथक येईस्तोवर वेळ गेलेला असतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. १५० च्या वर माणसं. बाहेर पहिली खबर कुणी दिली? एसटीच्या ड्रायव्हरनं. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना. त्यानं गाडी फिरवली आणि जाऊन सांगितलं. साधा माणूस, पगारी नोकर. रोजच्या वाटेवर डोळे उघडे ठेवले, एवढंच.

पण डोळे उघडे ठेवणं वेगळं आणि बघ्या होणं वेगळं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वाडी. वर गाडीरस्ता नव्हता, मशीन चढेना, माती हातांनी उपसावी लागली. २७ प्रेतं मिळाली आणि ५० च्या वर माणसं मातीतच राहिली. अशा पायवाटेवर रिकाम्या हातानं चढणारा प्रत्येक माणूस कामाच्या माणसाची वाट अडवतो. तुम्ही तिथले नसाल, तुम्हाला त्या कामाचं शिक्षण नसेल, तर पहिल्या दिवशी धावू नका. फोन करा, रक्त द्या, खाली रस्त्यावर वाहनं आवरा. आणि पाण्यात उतरायची मर्दुमकी नको. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली. झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. दहाच्या वर जीव गेले. मी रोज वजन चढवणं-उतरवणं करणारा माणूस आहे. बोट असो, क्रेन असो, माणसाची पाठ असो, तिला किती झेपतं हे आधी विचारायचं. "अजून एक चढू दे" म्हणणारा बाजूला उभा असतो, बुडतात ते आतले.

दुसरी गोष्ट, मालाची. इथं मी माझ्या धंद्यातलं सांगतो. गोदीत जो माल येतो त्याच्यावर मार्का असतो आणि त्याची टॅली होते. किती गोणी चढल्या, किती उतरल्या, किती फाटल्या. मार्का नसलेला माल शेडमध्ये पडून सडतो, कारण तो कुणाचा आहे, आत काय आहे, हे कुणालाच माहीत नसतं. मदतीच्या मालाचं तेच होतं. एका पोत्यात कपडे, बिस्किटं, औषधाची अर्धी बाटली, एक चप्पल. हे पोतं तिकडं उघडायला दहा माणसं लागतात आणि ती दहा माणसं स्वतः पूरग्रस्त असतात.

तेव्हा एका पोत्यात एकच प्रकार. बाहेर मोठ्या अक्षरात मराठीत लिहायचं, आत काय आणि किती. त्याहून चांगलं म्हणजे एका कुटुंबाचं एक गाठोडं : तांदूळ, पीठ, डाळ, तेल, मीठ, मिरची, साबण, काडेपेटी, मेणबत्ती, एक पातेलं, एक बादली, ताडपत्री, चादर. बायकांसाठी पॅड आणि आतले कपडे, नवे. तान्ह्या पोरांचं सामान वेगळं. जे आधी लागणार ते टेम्पोत शेवटी भरायचं, म्हणजे दार उघडल्यावर हाताशी येतं. तळाला फळ्या नाहीतर रिकामी पोती टाकायची. पिठाचं पोतं ओल्या फळीवर ठेवलं की त्याची लापशी होते. भरायच्या आधी तिकडं फोन करून विचारायचं, काय हवंय. पुष्कळदा तांदूळ पोचलेला असतो आणि हवा असतो खराटा, फावडं, ब्लिचिंग पावडर, विजेरी. आणि जवळच्या बाजारपेठेत दुकानं चालू असतील तर माल इथून नेण्यापेक्षा पैसे न्या आणि तिथंच घ्या. भाडं वाचतं, आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा बुडालेला असतो.

आता जुने कपडे. त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. कुणी हात लावला नाही, पावसात कुजले. गावात आपल्या आज्या-पणज्यांनी उतरलेली लुगडी नेसली, उष्टं खाल्लं, आणि वर ते उपकार म्हणून खाल्लं. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, ताठ राहायला सांगितलं. त्यांची आपण पोरं. मग दुसऱ्याच्या दारात आपण फाटकं कसं नेणार? जे आपल्या बहिणीला द्यायला लाज वाटेल ते पुरातल्या बाईला द्यायचं नाही.

तिसरी गोष्ट, वाटपाची. इथंच सगळं अडतं.

२०२१ च्या जुलैमध्ये रायगडात महाड-पोलादपूरला पूर आला आणि दरडी आल्या. २२ जुलैला तळियेत ८० च्या वर माणसं गेली, महाड शहर पाण्यात गेलं. आमच्या वस्तीनं वर्गणी काढून टेम्पो नेला. त्या भागातल्या एका गावात, नाव सांगत नाही, कारण असं गाव एक नाही, देवळापुढं गाडी थांबवली. चार पुढारी आले. म्हणाले, इथंच उतरवा, आम्ही वाटतो बरोबर. आम्ही विचारलं, बौद्धवाडी कुठं? म्हणाले, तिकडं लांब आहे, साकव वाहून गेलाय, गाडी जात नाही, त्यांची माणसं येतील घ्यायला. आम्ही म्हटलं, गाडी जात नाही ना? पाठ जाते. आम्ही सगळे हमालीच करणारे. अर्धा माल तिथं दिला, कारण देवळाजवळच्या घरांतही चिखल होता आणि तिथलीही पोरं उपाशी होती. अर्धा पाठीवर घेतला आणि चालत गेलो.

वाडीत एक म्हातारी होती. घराची एक भिंत उभी, बाकी चिखल. मी गोणी उतरवली तर ती म्हणाली, "पोरा, तांदूल हाय दोन दिसांचा. तलाठी नाय आला. त्याला आन."

मित्रांनो, मी कविता लिहितो. पुरावर, उपासावर कविता लिहिणारे आपल्यात कमी नाहीत. पण मदत म्हणजे काय याची इतकी सरळ व्याख्या मी कुठं वाचली नव्हती. त्या बाईला आमच्या तांदळाचं अप्रूप नव्हतं. तिला तिच्या नावाचा पंचनामा हवा होता. दान नको, नोंद हवी. आम्ही तिचा फोटो काढला नाही. तिचं नाव, घरातली माणसं, काय पडलं, काय वाहिलं हे वहीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघंजण तहसीलमध्ये जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी तलाठी वाडीत आला. चालतच आला, साकव तेव्हाही नव्हताच.

म्हणून वाटपाचे नियम सांगतो. देवळापुढं, पुढाऱ्याच्या दारात माल उतरवायचा नाही. आधी दोन माणसांनी पुढं जाऊन शेवटच्या घरापर्यंत चालायचं आणि यादी करायची : बौद्धवाडा, मातंगवाडा, आदिवासी वाडी, पालावरची भटकी माणसं, वीटभट्टीवरचे, ऊसतोडीचे. ज्यांचं गावात रेशनकार्डच नाही ते आधी. यादी बायकांकडून करून घ्यायची. कुणाच्या घरात किती तोंडं, कोण बाळंतीण, कोण अपंग, हे त्यांना पाठ असतं. घरटी चिठ्ठी द्यायची आणि वाटप शेवटच्या घरापासून सुरू करायचं. आणि नीट ऐका, यादीत मराठ्याचं, माळ्याचं, मुसलमानाचं, कुणाचंही पडलेलं घर आपण गाळायचं नाही. त्यांनी आपल्याला गाळलं म्हणून आपण त्यांना गाळायचं असेल तर मग आपण भांडतोय कशासाठी?

चौथी गोष्ट, सफाईची. पूर ओसरला की गावभर चिखल, मेलेली जनावरं, तुंबलेले संडास. आणि मग गावाला एकदम आपली आठवण होते. याला ठाम नकार. सफाई सगळ्यांनी करायची, आणि पुढाऱ्याच्या पोराच्या हातात फावडं पहिलं द्यायचं. जो कामगार हे काम करतो त्याला गमबूट, हातमोजे, रोज आणि दवाखाना मिळालाच पाहिजे. पुराच्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, पायाला जखम असली की शिरतो. मुंबईनं तो २००५ च्या पुरानंतर बघितलाय. पाण्यात उतरलेल्या माणसाला ताप आला तर अंगावर काढायचा नाही, सरकारी दवाखान्यात जाऊन "पाण्यात काम केलंय" असं सांगायचं. पाणी उकळून प्यायचं. हगवण लागली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट पाजत राहायचं आणि दवाखान्यात न्यायचं. हे प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. यानं जीव वाचतो.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पंचनामा.

केंद्र सरकारनं २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी जे मदतीचे निकष ठरवले त्यातले आकडे सांगतो. सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला, पक्कं असो की कच्चं, १ लाख २० हजार रुपये. डोंगरी भागात १ लाख ३० हजार. आणि झोपडीला? ८ हजार. परत सांगतो, आठ हजार. तलाठ्यानं कागदावर "कच्चे घर" लिहिलं की १ लाख २० हजार आणि "झोपडी" लिहिलं की ८ हजार. एका शब्दाची किंमत १ लाख १२ हजार रुपये. कवी लोकहो, शब्दाला एवढा भाव दुसरीकडं कुठं मिळतो सांगा! मातीच्या भिंती, वर कौलं नाहीतर पत्रा, घरपट्टीची पावती, अशा घराला झोपडी लिहीत असतील तर तिथं उभं राहून हरकत घेणारा माणूस पाहिजे. तो माणूस तुम्ही व्हायचं. त्यासाठी वकील लागत नाही. मी मॅट्रिक आहे, अर्ज लिहायला मॅट्रिक पुरतं.

तेव्हा पडलेल्या घराचे फोटो भिंत पाडायच्या आधी, चिखल काढायच्या आधी घ्या. इथं फोटो काढा, हवे तेवढे. माणसाचे नकोत, भिंतीचे. घरपट्टी, वीजबिल, रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, पोरांचे शाळेचे दाखले, काय वाहून गेलं त्याची यादी करा आणि दुसऱ्या प्रती काढायला सोबत जा. मेलेल्या जनावरांची नोंद घ्या. त्याच निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये आणि शेळीला ४,००० आहेत. भूमिहीन बाईची शेळी हीच तिची बँक. ती मेली तर लिहून घ्या. माणूस गेलं असेल तर वारसांना ४ लाख. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत ठेवा आणि तिच्यावर कचेरीची पोच, तारखेसकट, घेतल्याशिवाय उठू नका. यादी दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, दहा रुपयांत अर्ज होतो.

पिकाच्या पंचनाम्यात सातबारा ज्याच्या नावावर त्याचं नाव. जी बाई त्या शेतात निंदते तिच्या बुडालेल्या रोजाला त्या कागदात रकाना नाही. तो रकाना मागणं हे आपल्या चळवळीचं काम आहे.

आणि कुणी म्हणालं, सरकारनं दिलं तर घ्या, नाहीतर नशीब, तर त्याला कायदा दाखवा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ६१ आहे : भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. कलम १२ मध्ये मदतीच्या किमान दर्जाची गोष्ट आहे, आणि त्यावरून २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं छावणीची मापं ठरवली : माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी, तीस माणसांमागे एक संडास. छावणीत जाल तेव्हा मापपट्टी घेऊन जा. संडास मोजा. बायकांच्या संडासाला कडी आहे का बघा, रात्री दिवा आहे का बघा. आपल्या माणसांची पंगत वेगळी बसवलीय का, हेही बघा. कमी असेल, वेगळं असेल, तर लिहून जिल्हाधिकाऱ्याला द्या. जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचा अध्यक्ष तोच असतो.

सहावी गोष्ट, हिशेबाची. आपण पुढाऱ्यांना शिव्या घालतो, तर आपली पाटी कोरी पाहिजे. किती वर्गणी आली, कुणाकडून, काय घेतलं, कुठं दिलं, हे वस्तीच्या फळ्यावर लिहायचं. टॅली जुळली पाहिजे. टेम्पोला बॅनर लावला तरी चालेल, पण बॅनरचे पैसे वर्गणीतून नाहीत. आणि पाच किलो तांदूळ हातात देताना बाईला फोटोसाठी तोंड वर करायला लावणारा आपला असला तरी त्याला टेम्पोतून खाली उतरवायचं.

शेवटची गोष्ट, तीन महिन्यांनंतरची. पेपरवाले गेलेले असतात, ट्रक बंद झालेले असतात. सावकार आलेला असतो. पोरीची शाळा सुटलेली असते. नवी वसाहत आखली जात असते आणि नकाशात बौद्धवाडी पुन्हा एकदा टोकाला, खालच्या अंगाला निघालेली असते. तेव्हा जा. एक वाडी धरा आणि वर्षभर तिच्याकडं जात राहा. पोरांची पुस्तकं, एक अडकलेला अर्ज, नकाशाच्या बैठकीला हजर राहणं. दहा गावांना एकदा बिस्किटं वाटण्यापेक्षा हे मोठं काम आहे.

आणि आपली वस्ती? मे महिन्यात, पावसाच्या आधी, प्रत्येकानं आपल्या गल्लीची वही करा : म्हातारे किती, पोटुशी कोण, पाणी आधी कुठं भरतं, विजेचं मेन बटण कुठं आहे, रात्री शाळेची चावी कुणाकडं. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, उंच खुंटीला. एवढी वही असली तर आपल्याला वाचवायला कुणी यायची वाट बघावी लागणार नाही.

मित्रांनो, १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राचा गरीब माणूस खडी फोडायला गेला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्या माणसांनी आणि त्यांच्या संघटनांनी काम मागितलं, दाम मागितला, मोर्चे काढले. त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला, आणि २००५ ला देशानं त्या धर्तीवर कायदा केला. दुष्काळातली भीक हक्क झाली, कारण भिकेला हक्क म्हणणारी माणसं रांगेत उभी होती.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात टेम्पो निघेल त्यात तांदळाच्या गोणीबरोबर वही, पेन, कार्बन पेपर आणि मापपट्टी टाका. गाडी थांबली की खाली उतरा आणि विचारा, शेवटचं घर कुठाय? आणि चालू लागा.

जय भीम.